भंगाराला हक्काचा पत्ता हवा

ओला कचरा हिरव्या डब्यात, सुका निळ्या डब्यात, एवढं केलं की पर्यावरणाबाबतचं आपलं काम संपलं, असं पिंपरी-चिंचवडमधली बहुतेक कुटुंबं मानतात. त्यांना दोष देता येणार नाही. घंटागाडीच्या भोंग्यापासून शाळेतल्या चित्रकला स्पर्धेपर्यंत सगळीकडून त्यांना वर्षानुवर्षं एवढंच सांगितलं गेलं. त्याचं फळही शहराला मिळालं. जुलै 2025 मध्ये जाहीर झालेल्या स्वच्छ सर्वेक्षणाच्या निकालात दहा लाखांवर लोकसंख्या असलेल्या शहरांत पिंपरी-चिंचवड देशात सातवं आलं. पण वेगळा केलेला कचरा हा तरीही कचराच असतो. त्याचा कच्चा माल व्हायचा तर कुणाला तरी तो पुन्हा निवडावा लागतो, फोडावा, धुवावा, दळावा लागतो, आणि या कामाला जमीन लागते, छप्पर लागतं, वीज आणि पाणी लागतं, ट्रक वळेल एवढा रस्ता लागतो. शहराच्या नकाशावर बागा, शाळा, दवाखाने, स्मशानभूमी यांच्यासाठी आरक्षणं पडतात. भंगाराच्या धंद्याचा विचार मात्र नियोजनात कधी नीट झालाच नाही. तो होत नाही तोवर घराघरांतलं वर्गीकरण निम्म्या वाटेवर थांबणार आणि कारखान्यांचे हरित अहवाल कागदावर राहणार, असं माझं ठाम मत आहे.

चिखलीजवळच्या कुदळवाडीची गोष्ट या शहरात सगळ्यांना ठाऊक आहे. फेब्रुवारी 2025 मध्ये महापालिकेने मोठ्या पोलीस बंदोबस्तात तिथली चार हजारांहून अधिक अनधिकृत बांधकामं पाडली. आठशेहून अधिक एकरांचा पट्टा काही दिवसांत मोकळा झाला. त्यात भंगाराची गोदामं होती, तशीच वाहन उद्योगाला सुटे भाग पुरवणारी छोटी वर्कशॉपही होती. बातम्यांतून आपल्याला जेसीबी दिसले, पत्र्यांचे ढीग दिसले, रडणारे आणि टाळ्या वाजवणारे, असे दोन्हीकडचे लोक दिसले. पण तिथे रोज येणारा माल आता कुठे जाणार, या प्रश्नाची चर्चा फार थोडी झाली. गोदामं पडली म्हणून चाकणच्या कारखान्यांतून निघणारा पुठ्ठा कमी झाला नाही, की भोसरीच्या वर्कशॉपांतल्या लेथवरची बर थांबली नाही.

अशा वस्तीत नेमकं काय चालतं, ते जवळून पाहायला हवं. चाकणच्या एखाद्या जोडणी कारखान्यात सुटा भाग येतो तो लाकडी पॅलेटवर, पुठ्ठ्याच्या खोक्यात, प्लॅस्टिकच्या ताणपट्टीत गुंडाळून. भाग गाडीत बसतो आणि बाकी सगळं त्याच संध्याकाळी भंगार होतं. पॅलेट भंगारात आलं की माणूस पहारीने खिळे उपटतो, मोडकी फळी काढतो, दुसऱ्या मोडक्या पॅलेटची धड फळी तिथे ठोकतो, आणि दोन टाकाऊ पॅलेटांतून एक कामाचं उभं राहतं. ते पुन्हा कारखान्याच्या दारात जातं. प्लॅस्टिकचं काम याहून कसबाचं. बंपरचा तुकडा हातात घेऊन वाकवायचा, नखाने ओरखडून पाहायचा, पाण्यात टाकायचा. पीपी तरंगतं, एबीएस बुडतं. तरीही शंका राहिली तर काडी लावून ज्योतीचा रंग आणि धुराचा वास पाहायचा. हे ज्ञान कुठल्या प्रमाणपत्रावर नसतं. वेगवेगळी प्लॅस्टिकं एकत्र वितळली तर निघणारा दाणा कुणी विकत घेत नाही, म्हणून ही पारख म्हणजे पुनर्वापराचा कणा आहे. मात्र हाच माणूस दिवसभर तो धूर छातीत घेतो, हेही तितकंच खरं, आणि या वस्त्यांची बाजू मांडणाऱ्याने ते लपवू नये.

या कामाचं मोल ऊर्जेच्या हिशेबात चटकन कळतं. बॉक्साइटपासून नवं ॲल्युमिनियम करायला जेवढी ऊर्जा लागते, तिच्या सुमारे पाच टक्क्यांत भंगारातलं ॲल्युमिनियम वितळवून पुन्हा वापरता येतं. आपल्या पट्ट्याचा तर सारा संसार धातूंवर उभा आहे. दुचाकीच्या इंजिनाचे ओतीव भाग मोठ्या प्रमाणावर भंगारातून आलेल्या ॲल्युमिनियमपासूनच बनतात. घराच्या गच्चीवर सौर पॅनेल बसवणाऱ्याचं आपण कौतुक करतो, ते योग्यच आहे. पण टनावारी धातू पुन्हा भट्टीकडे पाठवणारी गोदामांची साखळी वीज वाचवते, याची नोंद आपण घेत नाही. कारखानदारीला मात्र या मालाची किंमत पुरती ठाऊक आहे. चाकण परिसरात भंगाराच्या ठेक्यासाठी कंपन्यांवर दबाव आणण्याचे, दमदाटीचे प्रकार इतके वाढले की मंत्र्यांना जाहीर इशारे द्यावे लागले. ज्या मालासाठी माणसं हाणामारीवर उतरतात, त्याला नियोजनकारांनी कचरा समजून नकाशाबाहेर ठेवावं, हे मला न पटणारं आहे.

आता आक्षेपांकडे येऊ, कारण ते लटके नाहीत. पहिला आक्षेप कायद्याचा. बांधकामं बेकायदा होती, रस्त्यांची आरक्षणं अडली होती, न्यायालयानेही दिलासा दिला नाही. मान्य. कायदा मोडून उभं राहिलेलं बांधकाम जुनं झालं म्हणून कायदेशीर होत नाही. दुसरा आक्षेप प्रदूषणाचा आणि आगींचा, आणि तो मला पहिल्यापेक्षा गंभीर वाटतो. तांब्यासाठी जाळलेल्या केबलचा, फोमचा, टायरचा काळा धूर चिखली-मोशीच्या नव्या इमारतींतल्या मुलांनी का सोसावा? डिसेंबर 2024 मध्ये कुदळवाडीत लागलेल्या भंगार गोदामांच्या आगीचा धूर किती लांबून दिसला, ते लोक विसरलेले नाहीत. रसायनांचे ड्रम धुतलेलं पाणी नाल्यातून इंद्रायणीत जातं, आणि आळंदीच्या घाटावर वारकऱ्यांना पांढऱ्या फेसात स्नान करावं लागतं. त्या फेसाला शहरांचं सांडपाणी आणि मोठे उद्योगही जबाबदार आहेत, पण त्यामुळे ड्रम धुणाऱ्याची जबाबदारी कमी होत नाही.

हे सगळं मान्य करूनच मी म्हणतो की नुसतं पाडून यातला एकही दोष संपत नाही. भंगार निघणाऱ्या जागेपासून फार लांब जाऊ शकत नाही, कारण त्यात वजन जास्त आणि नफा कमी, वाहतुकीतच पैसे संपतात. म्हणून उठवलेलं गोदाम जवळच, जिथे महापालिकेची हद्द संपते आणि ग्रामपंचायतीची सुरू होते, तिथल्या शेताच्या तुकड्यावर उभं राहण्याचीच शक्यता जास्त. तिथे पाण्याचा बंब पोहोचायला आणखी वेळ लागतो, तपासणीला येणारा अधिकारी आणखी विरळा. नदी तीच असते. केबल दिवसा जाळली तर पकडले जाऊ, म्हणून रात्री जाळली जाते. धूर थांबवायचा तर केबल सोलण्याचं यंत्र हवं, यंत्राला अधिकृत वीजजोड हवा, वीजजोडाला जागेची कागदपत्रं हवीत. ड्रम धुण्याचं पाणी अडवायचं तर दहा-वीस गाळ्यांत मिळून एक प्रक्रिया टाकी हवी, आणि तिला परवानगी देणाऱ्या प्रदूषण नियंत्रण मंडळाला पत्ता हवा. ज्याला पत्ताच नाही त्याला नोटीस तरी कुठे बजावणार? अधिकृत जागा ही भंगारवाल्यावर केलेली मेहेरबानी नव्हे. त्याच्यावर नियम लादता येतील अशी ती पहिली अट आहे.

तिसरा आक्षेप मोशीचा. ऑगस्ट 2023 मध्ये पंतप्रधानांच्या हस्ते मोशी कचरा डेपोत कचऱ्यापासून वीज बनवणारा प्रकल्प सुरू झाला. रोज 700 टन कचऱ्यावर प्रक्रिया आणि 14 मेगावॉट वीज, अशी त्याची क्षमता आहे. मग भंगार गोदामांची गरजच काय, असं काही जण विचारतात. मोशीच्या डेपोवरचा भार त्या प्रकल्पाने हलका होतो, हे मी मानतो. एप्रिल 2022 मध्ये त्याच डेपोला लागलेली आग आठवली तर त्याचं महत्त्व आणखी पटतं. पण तो घरगुती कचऱ्यासाठी आहे. चाकण, तळवडे, भोसरीच्या कारखान्यांतला पुठ्ठा, पॅलेट, लोखंडाची बर तिथे जात नाही आणि जाऊही नये. प्लॅस्टिक जाळलं की त्यातली ऊर्जा एकदाच मिळते. त्याचा दाणा केला तर तेच प्लॅस्टिक आणखी काही फेऱ्या टिकतं आणि तेवढं नवं बनवावं लागत नाही. जे कशानेच वापरात येणार नाही त्याच्यासाठी भट्टी ठीक आहे. निवडणारे हातच शहरातून घालवले तर वापरात येण्याजोगा मालही शेवटी भट्टीतच जाईल.

जमीन कुठून आणायची, हा यानंतरचा प्रश्न. चाकणला भूखंडासाठी उद्योगांची रांग असताना भंगाराला कोण जागा देणार? याचं उत्तर सरकारने स्वतःच लिहून ठेवलं होतं. केंद्राच्या 2016 च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी औद्योगिक वसाहतींच्या विकासकांना सांगितलं होतं की एकूण क्षेत्राच्या किमान पाच टक्के जागा, किंवा निदान पाच भूखंड वा गाळे, पुनर्प्राप्ती आणि पुनर्वापराच्या कामासाठी राखून ठेवा. त्याच नियमांनी कचरावेचक आणि अनौपचारिक क्षेत्रातल्या लोकांना व्यवस्थेत सामावून घ्यायलाही सांगितलं होतं. चाकणमध्ये एमआयडीसीचे टप्प्यामागून टप्पे वाढत गेले. त्या प्रमाणात अशी जागा खुली झाली असती, तर कुदळवाडीतल्या कितीतरी गोदामांना अनधिकृत जमिनीवर जाण्याचं कारणच उरलं नसतं. भंगारवाला फुकट मागत नाही, तो आजही भाडं भरतोच. आणि हवं तेव्हा राज्याला जमीन सापडते. कारखान्यांतल्या घातक कचऱ्यासाठी रांजणगावला प्रकल्प उभा राहिलाच ना? घातक कचऱ्याला जे मिळालं, ते साध्या, कामाच्या मालाला न मिळण्याचं कारण मला दिसत नाही.

मोठ्या कंपन्यांनी आधुनिक प्रकल्प टाकावेत, छोट्यांची गर्दी कशाला, असंही म्हटलं जातं. यात अर्धं तथ्य आहे. जुन्या वाहनांच्या विल्हेवाटीची जबाबदारी उत्पादकांवर टाकणारे केंद्राचे नियम 1 एप्रिल 2025 पासून लागू झाले, म्हणजे कुदळवाडी पाडल्यानंतर दोन महिन्यांच्या आत. बॅटरी, टायर, प्लॅस्टिकच्या वेष्टनांसाठीही अशीच जबाबदारी आधी आली आहे. देशातल्या सर्वांत मोठ्या वाहन पट्ट्यांपैकी एक इथे आहे, त्यामुळे सुसज्ज प्रकल्प इथे हवेतच. पण मोठ्या यंत्राला एकसारखा, निवडलेला माल लागतो. तो शंभर ठिकाणांहून गोळा करून, प्रतवारी लावून देणारा छोटा व्यापारी मध्ये नसेल तर यंत्र रिकामं फिरतं. शेजारच्या पुण्यात बाबा आढावांच्या पुढाकाराने 1993 मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली आणि पुढे तिच्यातून कचरावेचकांची ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था निघाली. ओळखपत्र, ठरलेला भाग आणि माल निवडायला जागा मिळाली की तीच माणसं शहराची यंत्रणा बनतात, हे आपल्याच जिल्ह्यात सिद्ध झालं आहे. जपानमधलं किताक्युशू हे आपल्यासारखंच कारखान्यांचं शहर. तिथल्या दोकाई खाडीत एकेकाळी मासा जगत नव्हता. त्या शहराने 1997 पासून समुद्रालगतच्या भराव जमिनीवर पुनर्वापराच्या उद्योगांची वसाहतच वसवली. जुन्या मोटारी, बाटल्या, कार्यालयीन यंत्रं, सगळ्यांचे प्रकल्प एकमेकांच्या शेजारी आले. तिथली शिस्त आपल्याला लगेच जमणार नाही. जमीन आखून देणं मात्र जमण्याजोगं आहे.

एक मुद्दा थोडक्यात. कुदळवाडीतले व्यापारी बाहेरचे होते, असं सांगून पुष्कळ जणांनी हा विषय संपवला. कोण कुठला, याची कागदपत्रं तपासण्याचा अधिकार पोलिसांना आहे आणि त्यांनी ती जरूर तपासावीत. पण तिथला माल बाहेरचा नव्हता. तो आपल्या कारखान्यांतून, आपल्या सोसायट्यांच्या तळमजल्यावरून गेलेला होता, आणि हे शहर स्वतःदेखील बाहेरून आलेल्या कामगारांनीच उभं केलेलं आहे.

मागणी करायला हीच वेळ योग्य आहे. महापालिकेचा सुधारित प्रारूप विकास आराखडा मे 2025 मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्यावर नागरिकांनी हजारोंनी हरकती नोंदवल्या. चाकणसह आसपासच्या गावांसाठी पीएमआरडीएने केलेला प्रारूप आराखडा राज्य सरकारने रद्द केल्यामुळे तो नकाशा पुन्हा आखला जाणार आहे. सोसायट्यांचे महासंघ, लघुउद्योजकांच्या संघटना आणि इंद्रायणीसाठी झटणारे कार्यकर्ते या तिघांनी मिळून एक गोष्ट मागावी: या पट्ट्यात, लोकवस्तीपासून आणि नदीच्या पूररेषेपासून दूर, भंगार निवडण्यासाठी पक्क्या भिंतींचे गाळे, अग्निशमनाच्या जलवाहिनीसह आणि सामायिक सांडपाणी प्रक्रियेसह, भाडेकरारावर. तोपर्यंत सोसायटीने ठेकेदाराला विचारावं की आमचा सुका कचरा कुठल्या गोदामात जातो. कारखान्याच्या खरेदी विभागानेही भंगाराच्या निविदेत दरासोबत घेणाऱ्याच्या गोदामाचा पत्ता आणि मंडळाची परवानगी मागावी.