फोटो काढण्याआधी बांधावर दोन मिनिटं थांबा



पावसाळ्यात शनिवार-रविवारी कोयनानगरच्या रस्त्याला गाड्यांची रांग लागते. नवजाचा ओझर्डे धबधबा, धरणाची भिंत, शिवसागरावर उतरलेलं धुकं, आणि सगळ्यांचे मोबाईल वर. माझी त्याला काही हरकत नाही. पण त्याच वेळी रस्त्याखालच्या खाचरात लावण चाललेली असते. तिचा फोटो आपण तरी काढतो का? आणि काढलाच तर त्यात काय दिसतं?

परवा पावसानं घरातच बसवलं तेव्हा मोबाईलमधले शेतीचे जुने फोटो सलग बघितले. मी काढलेले, लोकांनी मला पाठवलेले. बहुतेक सगळे एकाच ठेवणीचे. उभं राहायचं, छातीच्या उंचीवर मोबाईल धरायचा, पिकाच्या मधोमध नेम धरून बटण दाबायचं. फोटोत हिरवं दिसतंय, एवढंच. कुठलं शेत, कुठली अवस्था, काय बिघडलंय, काहीच कळत नाही.

माझं मत स्पष्ट सांगतो. चांगला फोटो काढता येणं ही आता हौस राहिली नाही, ते विळ्या-खुरप्यासारखं अवजार झालंय. 15 ऑगस्ट 2021 पासून राज्यात ई-पीक पाहणी सुरू झाली आणि आपल्या पिकाचा फोटो आपणच काढून नोंद करायची वेळ आली. रोग पडला की फोटो, जनावरांनी नुकसान केलं की फोटो, माल विकायचा तरी फोटो. अवजार हातात आलं, पण ते चालवायचं कसं हे कुणी शिकवलं नाही.

आधी स्वतःला विचारा: कोणाला काय सांगायचंय?

माझीच चूक सांगतो. भात निसवल्यावर एका रात्री गवे शिरले. सकाळी जाऊन बघतो तर अर्धं खाचर तुडवलेलं. डोकं फिरलं. घाईघाईत वीस-बावीस फोटो काढले. नंतर बघितलं तर सगळे जवळून काढलेले, खाल्लेल्या चुडांचे. एकाही फोटोत खाचराची हद्द नाही, बांधावरचं आंब्याचं झाड नाही, ओळखीची कुठलीच खूण नाही. नुकसान केवढं झालं हे त्यातून समजण्यासारखं नव्हतं. पंचनाम्याला माणसं येईपर्यंत दोन सरी येऊन गेल्या आणि खुरांचे ठसेही धुऊन गेले.

फोटो वीस होते, पण सगळ्यांत सांगणं एकच. ‘खाल्लं’. कुठं खाल्लं, किती खाल्लं, कोणी खाल्लं, ही तीन उत्तरं राहूनच गेली. तेव्हापासून मी बटण दाबण्याआधी थांबतो. फोटो बघणारा माणूस माझ्या बांधावर उभा नाही, त्याला फक्त या चौकटीतलंच दिसणार आहे, हे स्वतःला सांगतो. चौकटीत काय घ्यायचं आणि काय बाहेर ठेवायचं, हे ठरवणं म्हणजेच रचना. फोटोवाले तिला मोठ्या नावानं ओळखतात, काम एवढंच.

तीन अंतरं

कुठलीही गोष्ट तीन अंतरांवरून काढा. लांबून, मधून, जवळून.

भात पिवळं पडलंय असं समजा. पहिला फोटो बांधावरून, सगळं खाचर दिसेल असा. पिवळेपणा सगळीकडं सारखा आहे का जागोजागी, हे त्यात कळतं. मध्येच गोल गोल वाळलेले पट्टे दिसले तर तुडतुड्यांचा संशय येतो. सगळं खाचर एकसारखं फिकट असेल तर विचार नत्राकडं जातो.

दुसरा फोटो एका चुडाचा, बुंध्यापासून शेंड्यापर्यंत. खालची जुनी पानं आधी पिवळी पडलीत का वरची कोवळी, हे त्यात दिसतं. नत्र कमी पडलं तर जुनी पानं आधी पिवळी होतात, लोह कमी पडलं तर कोवळी. तुडतुडे बुंध्याशी बसतात, म्हणून वरून काढलेल्या फोटोत ते कधीच सापडत नाहीत. त्यासाठी गुडघे टेकावेच लागतात.

तिसरा फोटो एका पानाचा. करप्याचा ठिपका मधे फुगीर, दोन्ही टोकांना निमुळता, आत राखाडी आणि कडेनं तपकिरी असतो. कडा करपा पानाच्या टोकाकडून कडेकडेनं खाली उतरतो. एक बुरशी, दुसरा जिवाणू. बुरशीचं औषध जिवाणूवर मारलं तर पैसे गेले आणि रोग तिथंच. हा फरक हललेल्या फोटोत दिसत नाही, स्थिर फोटोत दिसतो. एका फवारणीचे पैसे त्या एका फोटोवर ठरतात.

उजेड आणि पाठीमागचं

आपल्याकडं पावसाळी ढगाळ उजेडाला सगळे नावं ठेवतात. फोटोसाठी मात्र तो फार चांगला. सावली कडक पडत नाही, पानाचा खरा रंग येतो. भर दुपारच्या उन्हात पान चमकतं आणि ठिपके पुसट होतात. ऊन असेलच तर पानावर आपल्या अंगाची सावली धरा, किंवा पान उजेडाकडं धरून मागून बघा. शिरा आणि डाग दोन्ही उठून दिसतात.

ठशाचं उलटं. चिखलातल्या खुराचा फोटो वरून फ्लॅश मारून काढला तर सपाट येतो. बॅटरी जमिनीलगत, एका बाजूनं धरा. कडेची सावली पडते आणि ठसा खोल दिसतो. शेजारी काडेपेटी ठेवा, म्हणजे आकार कळतो. डुकरानं नांगरल्यासारखी उकरलेली माती आणि गव्यानं वरून खाऊन तुडवलेलं पीक यांतला फरकही मग फोटोच बोलतो.

पाठीमागं काय आहे तेही बघा. हिरव्या पानामागं हिरवंच असेल तर पान हरवतं. मागं हात धरा, कोरा पुठ्ठा धरा, नाहीतर खताच्या पोत्याची आतली पांढरी बाजू धरा. कार्ल ब्लॉसफेल्ट नावाचे एक जर्मन शिक्षक बर्लिनच्या कलाशाळेत होते. विद्यार्थ्यांना झाडांचे आकार शिकवता यावेत म्हणून ते रानातल्या साध्या झाडाझुडपांचे फोटो काढत. मागं साधी पार्श्वभूमी, अगदी जवळून, आणि कॅमेरा स्वतः तयार केलेला. 1928 साली त्यांचं पुस्तक निघालं तेव्हा त्यांनी साठी ओलांडली होती आणि त्यानंतर त्यांचं नाव झालं. आपण ज्याला तण म्हणून उपटून टाकतो, तसल्या झाडांत त्यांना लोखंडी नक्षीकाम दिसलं. त्यांच्याकडं महागडा कॅमेरा नव्हता, बघायचा धीर होता.

नजर कशी वाढवायची

कल्पकता उपजत असते असं लोक म्हणतात. मला ते पटत नाही. बैलाची चाल बघून पाय दुखतोय हे ओळखणारी नजर जन्मतः येत नाही, रोज बघून येते. फोटोचंही तसंच आहे.

मोबाईलच्या कॅमेऱ्यात ‘ग्रिड’ नावाची सोय असते, ती चालू करा. दोन उभ्या, दोन आडव्या रेघा येतात. मुख्य गोष्ट दर वेळी मधोमध न ठेवता रेघा जिथं छेदतात तिथं ठेवून बघा. पण तो काही कायदा नाही. रोगाचा ठिपका दाखवायचाय तर मधोमधच बरा. बांधाच्या रेघा, पाटाचं पाणी, उतारावरच्या ताली या नजरेला आत ओढून नेतात, त्यांचा उपयोग करा. बटण दाबण्याआधी चौकटीच्या चारही कडांवरून एकदा नजर फिरवा. अर्धी चप्पल, आपलं बोट, तुटकी बादली तिथंच सापडते. तारीख-ठिकाण छापणारं ॲप वापरत असाल तर ती पट्टी खाली येते, म्हणून महत्त्वाचं काही तळाला ठेवू नका. झूम करण्यापेक्षा चार पावलं पुढं जा. भिंग सुती फडक्यानं पुसा. व्हॉट्सॲपवर साधा पाठवलेला फोटो लहान होऊन जातो, म्हणून तपासायला पाठवताना एचडीमध्ये किंवा डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

आणि एक सवय लावा. एक खाचर निवडा. बांधावरचा एक दगड ठरवा. लावणीपासून कापणीपर्यंत दर आठवड्याला त्याच दगडावरून, त्याच दिशेनं एक फोटो. शेवटी सगळे एकापाठोपाठ बघा. पाणी कुठं तुंबतं, कुठला कोपरा दर वेळी मागं पडतो, हे डोळ्यासमोर येतं. पहिले दोन-तीन आठवडे कंटाळा येईल. पण रोज तेच बघताना जेव्हा नवीन काही सापडायला लागतं, तेव्हा नजर तयार व्हायला लागली असं समजा.

चौकटीबाहेर कोण राहिलं?

शेवटची गोष्ट माझ्या दृष्टीनं सगळ्यात मोठी. पत्रकार पी. साईनाथ यांनी 1993 ते 2002 या काळात दहा राज्यांत काम करणाऱ्या ग्रामीण बायकांचे फोटो काढले. ‘व्हिजिबल वर्क, इनव्हिजिबल विमेन’ हे त्यांचं प्रदर्शन. त्यात ओडिशातल्या रायगडा भागातला एक प्रसंग आहे. जमीनमालक कॅमेऱ्यासमोर ताठ उभा, आणि त्याच्या शेतात नऊ बायका वाकून लावण करतायत. मालक म्हणाला, चाळीस रुपये रोज देतो. बायका म्हणाल्या, पंचवीस मिळतात.

हे वाचल्यावर मी माझ्या लावणीचे फोटो पुन्हा उघडले. पुढं मी, टोपी घालून, हसतोय. मागं इरली आणि प्लास्टिकचे कागद पांघरलेल्या वाकलेल्या पाठी. एकीचंही तोंड दिसत नाही. शेत माझं, पण त्या दिवशी कंबर मोडून काम त्यांनी केलेलं. मी कोणाला मधोमध ठेवलं आणि कोणाला कडेला ढकललं, ते माझ्याच फोटोनं मला दाखवलं. यंदा आधी त्यांना विचारून, त्यांच्या उंचीला वाकून फोटो काढले. वाकल्यावर दोन मिनिटांत कंबर भरली. त्या दिवसभर तशाच असतात.

कृषी सहायक आणि शास्त्रज्ञ मंडळींनाही एक विनंती. ‘फोटो स्पष्ट नाही’ एवढंच कळवून थांबू नका. कुठला फोटो, कुठून, कसा, तेही सांगा. शेतीशाळेत अर्धा तास यालाही द्या. फवारणी पंपाचं नोझल शिकवता, तसंच भिंग शिकवा.

या आठवड्यात एवढंच करा. एक खाचर, तीन फोटो: लांबून, मधून, जवळून. फिल्टर नको. काढण्याआधी दोन मिनिटं नुसतं उभं राहून बघा. त्या दोन मिनिटांत कदाचित असं काही दिसेल की मोबाईल खिशात घालून आधी पाट मोकळा करायला जावं लागेल. तसं झालं तरी नजर कामाला आली म्हणायची.