मला घाई नव्हती

"कुरिअर कर ना, कटकट संपली." गेल्या वर्षभरात हे वाक्य मी इतक्या जणांकडून ऐकलंय की आता कुणी म्हणालं की मी आधी विचारते, तुझा पिनकोड काय? उत्तर ४०० ने सुरू होणारं असेल तर पुढे वाद घालत नाही. त्यांच्यासाठी कटकट खरंच संपलेली असते.

माझा पिनकोड ४०१ ने सुरू होतो. मी मोरव्यात राहते. भाईंदर पश्चिमेहून उत्तनकडे जाणारी बस धरली की मुर्धा, राई आणि मग आमचं गाव. कागदोपत्री आम्ही महानगरपालिकेत आहोत. मेट्रोच्या कारशेडसाठी या पट्ट्यातल्या जमिनींचं नाव निघालं आणि गावं विरोधात उभी राहिली, तेव्हा बाहेरच्या बऱ्याच लोकांनी राई, मुर्धा, मोरवा ही नावं पहिल्यांदा ऐकली असतील. एरवी आमचा पत्ता म्हणजे 'देवळामागचं तिसरं घर'. पोस्टमनला तो पुरतो. कुरिअरवाल्याला लोकेशन लागतं, आणि लोकेशन पाठवलं की तो सांगतो, "मॅडम, स्टेशनला येऊन घेऊन जा." आजीला हे कोडं सुटलेलं नाही. "त्याला पैशे दिले ना? मंग तो गावान का येत नाय?"

पण मला वस्तू मागवण्याबद्दल नाही, पाठवण्याबद्दल बोलायचंय.

बाबा गेल्यावर घरात सहाएकशे पुस्तकं आणि चारेकशे दिवाळी अंक उरले. खाडीच्या हवेत कागद टिकत नाही. रद्दीवाल्याने किलोचा भाव सांगितला तेव्हा आईने दार लावून घेतलं. मग २०२१ मध्ये मी इन्स्टाग्रामवर फोटो टाकायला लागले. टपालखर्च द्या, पुस्तक तुमचं. मागणी कुठून यावी? किनवट, सावंतवाडी, चामोर्शी, शिरोळ, आटपाडी. वसतिगृहात राहणारी पोरं, गावातल्या वाचनालयाचे कार्यकर्ते, एमपीएससी करता करता कादंबऱ्या वाचणारी एक मुलगी. पुण्या-मुंबईचे लोक कमीच, त्यांच्याकडे पुस्तकाचं दुकान असतं.

हे जमलं ते रजिस्टर्ड बुकपोस्टमुळे. किलोभर पुस्तकांना ३२ रुपये, पाच किलोंना ८०. देशात कुठेही. चामोर्शीलाही तेवढेच आणि ठाण्यालाही तेवढेच. आठ-दहा दिवस लागायचे, क्वचित पंधरा. पावती मिळायची, क्रमांक मिळायचा. तीन वर्षांत उशिराबद्दल मला एकाही माणसाने विचारलं नाही. चाळीस वर्षांपूर्वीची कादंबरी दहा दिवस उशिरा आली तर कुणाचं काय बिघडतं?

१८ डिसेंबर २०२४ ला ही सेवा बंद झाली. आधी जाहीर सूचना नाही, चर्चा नाही. मी गठ्ठा घेऊन गेले तर काउंटरवरचे काका स्क्रीनकडे बघत राहिले. "अगं, तो पर्यायच दिसत नाहीये." त्यांनाही तेव्हाच कळत होतं. आता पार्सल करावं लागेल म्हणाले. पाच किलोंना सव्वादोनशेच्या पुढे. ज्या मुलीने ८० रुपये पाठवले होते तिला मी काय सांगणार होते?

प्रकाशक ओरडले, लेखक ओरडले आणि १ मे २०२५ पासून 'ज्ञान पोस्ट' आलं. तीनशे ग्रॅमपर्यंत २० रुपये, पाच किलोंपर्यंत १००, वर कर. क्रमांकही मिळतो. हे चांगलंच झालं, त्याला नावं ठेवायला मी इथे आलेली नाही. पण त्याच्या अटी वाचा. अभ्यासक्रमाची, स्पर्धा परीक्षांची पुस्तकं चालतील. सामाजिक, सांस्कृतिक, धार्मिक साहित्य चालेल. व्यावसायिक मजकूर नको, जाहिराती नकोत.

आता मराठी माणसाच्या घरातलं सगळ्यात जास्त जपलं गेलेलं छापील साहित्य कोणतं? १९०९ मध्ये का. र. मित्रांनी 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून आपण दर वर्षी हे करत आलोय. कथा, कविता, व्यंगचित्रं, राशिभविष्य. आणि पानोपानी जाहिराती: सहकारी बँका, सोनार, साड्या, लोणची, बांधकाम कंपन्या. दिवाळी अंक जाहिरातींवरच उभा असतो, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. त्या निघाल्या असत्या तर लेखकाला मानधन कुठून मिळालं असतं? बुकपोस्टच्या दिवसांत काका अंक चाळून पुस्तकांतच धरायचे. तेही नियमाच्या कडेकडेनेच चाललं असेल, पण साडेतीनशे पानांचं ते बाड कुणालाही पुस्तकच वाटायचं. मे महिन्यात मी पुन्हा गेले. काकांनी अंक उघडला. पहिल्याच पानावर १९८८ सालच्या स्कूटरची पूर्ण पान जाहिरात. "पुस्तक की मासिक?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "तुम्हीच सांगा." त्यांनी अंक मिटून माझ्याकडे सरकवला, जरा लाजूनच.

तो अंक एका निवृत्त शिक्षकांना हवा होता. दापोली तालुक्यातलं गाव. त्यांची छापून आलेली पहिली कथा त्या अंकात होती, त्यांच्याकडची प्रत पुरात गेलेली. "घाई काही नाही गं बाळ, सावकाश पाठव," असं ते फोनवर म्हणाले होते. मी मात्र पार्सलचे पैसे आणि कुरिअरचे पैसे यांची तुलना केली, फरक थोडा निघाला, आणि तीन दिवसांत पोचेल या आश्वासनाला भुलले. चूक माझी. पुढचं सांगते.

दुसऱ्या दिवशी भिवंडी. पाचव्या दिवशीही भिवंडी. सातव्या दिवशी 'आउट फॉर डिलिव्हरी', आणि संध्याकाळी 'ग्राहक उपलब्ध नाही'. असं तीनदा. सर तिन्ही दिवस पडवीत बसून होते, त्यांच्या फोनवर एकही कॉल नव्हता. मग पार्सल परतीला लागलं आणि वाटेत 'पत्ता अपुरा' असा शेरा आला. परत आलेलं पार्सलसुद्धा मोरव्यात आलं नाही. महामार्गालगतच्या गोदामातून मीच जाऊन आणलं. जून संपत होता. वरचं प्लॅस्टिक फाटलेलं, अंक भिजून फुगलेला, मधली पानं एकमेकांना चिकटलेली. त्या चिकटलेल्या पानांत सरांची कथा.

तक्रार केली. पावतीच्या मागे बारीक अक्षरांत लिहिलेलं होतं ते मला वाचून दाखवण्यात आलं: कमाल भरपाई १०० रुपये. अंकाची किंमत तेव्हा २५ होती म्हणे, म्हणजे मला फायदाच झाला. हे बोलणाऱ्या मुलाचा मला राग आला नाही. तो पगारी नोकर. आणि ज्याने ते तीन खोटे शेरे टाकले त्याचाही फारसा येत नाही. डिलिव्हरी करणाऱ्या कित्येक पोरांना पार्सलमागे पैसे मिळतात. पेट्रोल जाळून एका अंकासाठी डोंगरातल्या वाडीत जाणं त्याला परवडत नाही, आणि परवडत नाही असं लिहायला ॲपमध्ये रकाना नसतो. म्हणून 'ग्राहक उपलब्ध नाही'.

ती बारीक अक्षरं मात्र साधी नाहीत. सर्वोच्च न्यायालयात १९९६ मध्ये भारती निटिंग कंपनी विरुद्ध डीएचएल असा खटला लागला होता. जर्मनीतल्या ग्राहकाला पाठवलेली कागदपत्रं वेळेत पोचली नाहीत, हंगाम निघून गेला, नुकसान मोठं झालं. निकाल असा की पावतीवर सही केली आहे, तिच्यात मर्यादा १०० डॉलर लिहिली आहे, तेवढेच मिळतील. पोस्टही याबाबतीत धुतल्या तांदळाचं नाही. २०२३ चा नवा पोस्ट ऑफिस कायदा सांगतो की वस्तू हरवली, उशीर झाला, खराब झाली तर नियमांत ठरवून दिली असेल तेवढीच जबाबदारी. म्हणजे दोन्हीकडे धोका पाठवणाऱ्याचाच. मग प्रश्न उरतो तो एवढाच, की कोण किती पैशांत दारापर्यंत जातं.

आणि पैशांचं गणितही कुरिअरकडे सरळ नसतं. लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची, भागिले पाच हजार. वजनाऐवजी हा आकडा मोठा आला तर बिल त्याचं. पुस्तकं जड असतात म्हणून त्यांत फारसा फटका बसत नाही. आमच्या शेजारणीने हाताने केलेला आकाशकंदील नागपूरला पाठवायचं ठरवलं. चाळीस सेंटीमीटरचं चौकोनी खोकं, आत तीनशे ग्रॅम कागद आणि काड्या. हिशेब आला १२.८ किलो. तिने कंदील इथेच लावला. आत्या तर या फंदातच पडत नाही. तिच्या सुक्या बोंबलांना कुरिअरवाला वासावरूनच नाही म्हणतो. ती ट्रॅव्हल्सच्या ड्रायव्हरला पिशवी देते, गाडीचा नंबर पोराला कळवते, आणि तिकडे पोरगा पहाटे चारला नाक्यावर उभा राहतो. झोपेचं भाडं लागतं, पण बोंबील पोचतात.

माझा खरा राग पिनकोडवरून आहे. ही सहा आकड्यांची पद्धत १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाली, आणि ती बसवणारा माणूस आपल्या कोकणातला: श्रीराम भिकाजी वेलणकर, टपाल खात्यातले अधिकारी आणि संस्कृतचे कवी. एकाच नावाची दहा गावं, दहा लिप्यांतली हस्ताक्षरं, चुकीचे पत्ते. या सगळ्यातून पत्र नेमक्या पोस्टात पोचावं म्हणून ते आकडे आले. पोस्टाला ४०१ दिसलं की त्याचा अर्थ होतो, पत्र या वाटेने न्या. आज तोच आकडा ॲपमध्ये टाकला की उत्तर येतं, या भागात सेवा उपलब्ध नाही. किंवा उपलब्ध आहे, पण जादा आकारासह. पोचवण्यासाठी केलेली खूण आता वगळण्यासाठी वापरली जाते, आणि आपण त्याला सोय म्हणतो.

टपालाचा दर अंतरावर अवलंबून नसावा ही कल्पना इथे १८५४ पासून आहे. अर्ध्या आण्यात हलकं पत्र, कुठेही. ती इंग्रजांनी आणली ती काही आपल्या प्रेमाखातर नव्हे, पण तिचा फायदा कोकणातल्या आणि घाटावरच्या गरीब माणसाने शंभरावर वर्षं घेतला. कुरिअरचा धंदा बरोबर त्याच्या उलट्या तत्त्वावर चालतो: जिथे गर्दी तिथे स्वस्त, जिथे घर एकटं तिथे महाग. खासगी कंपनीने तसंच करावं, ती धंदा करते. पण पोस्टाने तिच्यामागे धावावं का?

कारण पोस्ट धावतंय. १ सप्टेंबर २०२५ पासून रजिस्टर्ड पोस्ट ही वेगळी सेवा राहिली नाही, ती स्पीड पोस्टमध्ये विलीन झाली. वीस ग्रॅमचं रजिस्टर पत्र २५ रुपये ९६ पैशांत जायचं. ऑक्टोबरपासूनच्या दरांत पन्नास ग्रॅमपर्यंतचं स्पीड पोस्ट परगावी ४७ रुपये, नोंदणी हवी तर वर ५, त्यावर अठरा टक्के कर. झाले ६१ रुपये ३६ पैसे. वजनाची मर्यादा वाढली, वेग वाढला, मान्य. पण मला वेग नको होता. मला पावती हवी होती आणि ज्याच्या नावाचं आहे त्याच्याच हातात पडेल याची खात्री हवी होती. आता खात्री हवी असेल तर वेगही विकत घ्यावा लागतो. चहा मागितला तर थाळी घ्यायलाच लावावी, तसं.

यावर मला नेहमी एक उत्तर मिळतं: पोस्ट तोट्यात आहे, तुझ्या रद्दीचा खर्च सरकारने का भरावा? प्रश्न चुकीचा नाही. देशात सुमारे १ लाख ६४ हजार पोस्ट ऑफिसं आहेत, त्यांतली बहुतेक खेड्यांत, आणि ती चालवायला पैसा लागतो. पण मग हेही सांगा, की दापोलीच्या त्या वाडीत पोस्टमन तसाही जातोच ना? कधी बँकेचं पत्र घेऊन, कधी कोर्टाची नोटीस घेऊन. त्याच्या पिशवीत माझा एक अंक, दहा दिवसांनी का होईना, टाकला तर तोटा नेमका किती वाढतो? हा हिशेब कुणी मांडून दाखवला तर मी गप्प बसेन. सेवा मात्र हिशेब न दाखवताच गायब केली गेली, आणि ती परत आली तेव्हा तिच्यातून आमचे दिवाळी अंक गळलेले होते. मागणी मोठी नाही. जाहिरातींच्या अटीतून साहित्यिक वार्षिकांना वगळा. एक ओळ. दर ज्ञान पोस्टचाच ठेवा, महिनाभर लावा पोचवायला, हरकत नाही.

आणि आपलंही थोडं चुकतंय. दहा मिनिटांत कोथिंबीर दारात येते तेव्हा मीही खूश होते. त्या सवयीमुळे बुकपोस्ट गेल्याचं आपल्या वयाच्या बहुतेकांना कळलंही नाही. कळलं त्यांनी विचारलं, अजून पोस्ट वापरतं कोण? किनवटचा तो मुलगा वापरतो. त्याने गेल्या आठवड्यात पुन्हा मेसेज केला, "ताई, आता काही पाठवता का?"

सरांचा अंक मी पंख्याखाली आठवडाभर वाळवला. पानं सुटी करताना कथेचं शेवटचं पान फाटलं. बाकीच्या पानांचे फोटो व्हॉट्सॲपवर पाठवले. त्यांनी आधी अंगठा पाठवला, मग रात्री फोन केला. "शेवट मला आठवतोय, तू काळजी करू नकोस," म्हणाले. मग थोडं थांबून, "पण अंक ठेव हो, टाकू नकोस."

ठेवलाय. मुर्ध्याची एक मैत्रीण शिमग्याला दापोलीला माहेरी जाते, तिच्या पिशवीतून जाईल. बाकी एकशे सत्तर अंक पलंगाखाली आहेत, पाऊस लागायच्या आत त्यांचं काहीतरी करायला हवं.