‘स्वखुशीने’ म्हणजे कोणाच्या?

गेल्या महिन्यात हिंगणघाट तालुक्यातली एक बाई केंद्रावर आली. बारा वर्षं एका कारखान्यात पॅकिंगला होती. बाळंतपणाच्या रजेवर असताना काढता येत नाही, म्हणून मालकाने ती परत येईपर्यंत वाट पाहिली. पहिल्याच दिवशी ऑफिसात बोलावून टाईप केलेला कागद पुढे केला. सही केली तरच अडकलेला पगार मिळेल, असं सांगितलं. ‘मले त वाचूच नाही देलं, ताई,’ ती म्हणाली. झेरॉक्स हातात आली तेव्हा मी वाचलं: घरगुती अडचणींमुळे स्वखुशीने राजीनामा देत आहे, कसलंही येणं बाकी नाही.

हा ‘स्वखुशीने’ शब्द मालकाच्या फार कामाचा आहे. कामगाराला कमी करायचं तर महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार आणि नोकरीच्या दर वर्षामागे 15 दिवसांची भरपाई द्यावी लागते. 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्यात हे होतं, नोव्हेंबर 2025 मध्ये लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेतही आहे. पण आपणहून नोकरी सोडणं कपातीत धरत नाहीत. म्हणजे हिचा 180 दिवसांचा पगार त्या एका शब्दात बुडाला.

हीच बाई खाजगी शाळेत शिक्षिका असती तर? संस्थाचालक कोरे राजीनामे लिहून घेतात, हे आपल्याकडे कोणाला नवं नाही. 1977 च्या महाराष्ट्राच्या खाजगी शाळा कर्मचारी कायद्याने त्यावर साधा उपाय केला. राजीनाम्याच्या दोन प्रती काढायच्या, दोन्हींवर सही आणि तारीख घालायची, एक रजिस्टर पोस्टाने पाठवायची, दुसरी स्वतःजवळ ठेवायची. साहेबासमोर बसून सही आणि पोस्टापर्यंत चालत जाणं यात बाईला विचार करायला वेळ मिळतो. (2025 मध्ये रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टात विलीन झालं, ते सोडा.) फ्रान्समध्येही 2008 पासून संमतीने नोकरी संपवताना सही मागे घ्यायला दोघांनाही 15 दिवस मिळतात.

कारखान्यातल्या बाईला काय आहे? 1872 चा करार कायदा. वरचढ माणसाने दबाव टाकून घेतलेली संमती रद्द करता येते, पण त्यासाठी कोर्टात जावं लागतं. लैंगिक छळाची तक्रार करणाऱ्या मध्य प्रदेशातल्या एका महिला न्यायाधीशाने 2014 मध्ये राजीनामा दिला होता. तो स्वेच्छेचा नव्हता, हे सर्वोच्च न्यायालयाने मान्य केलं 2022 मध्ये. नोकरी परत मिळाली, मागचा पगार नाही. न्यायाधीश बाईला आठ वर्षं लागली!

आमच्यातल्याच काहीजणी म्हणतात, मिळतील ते पैसे घेऊन मोकळं व्हावं. घरी तान्हं मूल असताना हा सल्ला मी चूक म्हणत नाही. पण शिक्षिकेला मिळालेलं संरक्षण पॅकिंगवालीला का नाही, हे आपण संघटना म्हणून सरकारला कधी विचारलंय? राज्याच्या नियमांत राजीनाम्याची हीच पद्धत सर्वांना लागू करा, ही मागणी यंदाच्या 8 मार्चच्या निवेदनात घालायला हवी.

त्या संध्याकाळी आम्ही मालकाला पत्र लिहिलं: सही दबावाखाली घेतली, राजीनामा मला मान्य नाही, कामावर यायला तयार आहे. एक प्रत कामगार खात्याच्या कचेरीला पाठवली. पोस्टाची पावती तिने पदराला बांधून नेली.