सौरघटांची खरी कसोटी

पेरोव्हस्काइट या विशिष्ट स्फटिकरचनेच्या पदार्थांपासून केलेल्या सौरघटांचा आज सर्वत्र बोलबाला आहे, आणि तो अनाठायी आहे असे कोणी म्हणणार नाही. २००९ साली जपानात त्सुतोमु मियासाका व त्यांच्या सहकाऱ्यांनी असा घट प्रथम सिद्ध केला, तेव्हा त्यावर पडणाऱ्या प्रकाशापैकी जेमतेम ३.८ टक्के ऊर्जेची वीज होत असे. आज प्रयोगशाळांतील आकडा २६ टक्क्यांच्या पुढे गेला आहे. सिलिकॉनला जी मजल मारण्यास कित्येक दशके लागली, ती या पदार्थाने पंधरा-सोळा वर्षांत मारली. शिवाय त्याचा पातळ थर कमी उष्णतेत, द्रावणातून चढविता येत असल्याने तो स्वस्त पडेल, अशीही आशा आहे.

तथापि गृहस्थाचा प्रश्न निराळा आहे. हा घट किती वीज देतो, यापेक्षा किती वर्षे देतो, हे त्याला हवे असते. २०२४ साली केंद्र सरकारने एक कोटी घरांसाठी सूर्यघर योजना जाहीर केली आणि घरामागे कमाल ७८ हजार रुपयांचे अनुदान ठेविले. उरलेली रक्कम मध्यमवर्गीय कुटुंब कर्ज काढून उभी करते, ती सिलिकॉनच्या पॅनेलबरोबर मिळणाऱ्या पंचवीस वर्षांच्या हमीवर विसंबून. पेरोव्हस्काइटच्या बाबतीत अशी हमी कोणत्या आधारावर द्यावयाची?

सौर पॅनेलच्या प्रमाणित चाचणीत ते ८५ अंश उष्णतेत व ८५ टक्के आर्द्रतेत एक हजार तास ठेवितात. एक हजार तास म्हणजे अवघे बेचाळीस दिवस! सिलिकॉनला एवढी परीक्षा पुरते. कारण तिच्या पाठीशी उघड्यावरील अनेक दशकांचा अनुभव उभा आहे. पेरोव्हस्काइटपाशी ती पुंजी नाही, आणि त्याचा स्वभावही वेगळा. ज्या मूळ संयुगावर हे संशोधन उभे राहिले, त्याची स्फटिकरचनाच ५५ अंशांच्या सुमारास पालटते. वैशाखातील छपरावरचे पॅनेल हा उंबरठा दिवसा ओलांडते आणि रात्री माघारी येते. पदार्थातील आयन प्रकाशात जागा सोडतात. अंधारात घट काही अंशी सावरतो, कधी उलट बिघडतो. म्हणून अखंड उजेडात जो टिकला, तो दिवस-रात्रीच्या रहाटगाडग्यात टिकेलच असे नाही. नवी मिश्रणे यांतील काही दोष टाळतात, हे खरे. परंतु ओलावा आत शिरला की विघटन सुरू होते. आणि या घटांत शिसे असल्याने फुटलेल्या पॅनेलवरचे पावसाचे पाणी कोठे जाते, हाही प्रश्न उरतो.

शास्त्रज्ञांना याची जाणीव आहे. २०२० साली अनेक देशांतील संशोधकांनी एकत्र येऊन अंधारात, उजेडात, उष्णतेत, दिवस-रात्रीच्या चक्रात व उघड्यावर या घटांच्या चाचण्या कशा घ्याव्यात, याची सर्वसंमत पद्धती प्रसिद्ध केली. आपल्याकडेही मुंबईच्या आयआयटीतील केंद्राने देशभर पाहणी केली, तेव्हा उष्ण प्रदेशांतील आणि घरांच्या छपरांवरील पॅनेले अधिक वेगाने क्षीण होतात, असे आढळले. ही गोष्ट मुरलेल्या सिलिकॉनची. मग नवख्याची काय कथा?

येथे कोल्हापूरचे कर्तव्य सुरू होते. शिवाजी विद्यापीठात पातळ थरांवर अनेक दशके संशोधन चालू आहे. येथून गेलेले संशोधक दक्षिण कोरियातील चोन्नाम विद्यापीठात नेमक्या याच घटांवर काम करीत आहेत. निसर्गानेही आपल्याला परीक्षागृह फुकट दिले आहे. गगनबावड्याची मुसळधार आणि शिरोळचे कोरडे ऊन ही दोन्ही टोके एकाच जिल्ह्यात आहेत. या दोन्ही ठिकाणी विद्यापीठाने उघड्यावरील चाचणीकेंद्रे उभारावीत, राज्य सरकारने त्यांचा खर्च निदान दहा वर्षे उचलावा आणि प्रत्येक वर्षाची नोंद, चांगली असो वा वाईट, जनतेपुढे ठेवावी, अशी आमची मागणी आहे.

यावर असा आक्षेप निघेल की, पुराव्याची वाट पाहत बसलो तर जग पुढे निघून जाईल. आम्ही संशोधन थांबवा असे म्हणत नाही. बंदीही मागत नाही. नव्या मालाची जोखीम कारखानदाराने घ्यावी, कर्जदार गृहस्थाच्या माथी मारू नये, एवढेच आमचे म्हणणे आहे. आपल्या पावसाची साक्ष मिळेपर्यंत सार्वजनिक अनुदान या घटांस देऊ नये. प्रयोगशाळेतील विक्रम म्हणजे 'पी हळद नि हो गोरी' नव्हे. पहिल्या दिवशीचा आकडा वर्तमानपत्रांत झळकेल. परंतु कर्जाचा शेवटचा हप्ता फिटेपर्यंत जे पॅनेल वीज देईल, तेच आमच्या लेखी यशस्वी होय.