आधी सुनावणी, मग शासन

बारामती एमआयडीसीलगतच्या विद्यानगरीतील अभियांत्रिकीचे विद्यार्थी ज्या विद्यापीठाच्या छत्राखाली शिकतात, त्या सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्रात २ फेब्रुवारी २०२४ रोजी, रामलीलेतील नटांच्या पडद्यामागील व्यवहारावर बेतलेला विद्यार्थ्यांचा नाट्यप्रयोग बंद पाडला गेला आणि केंद्रप्रमुखांसह पाच विद्यार्थ्यांना अटक झाली. या प्रयोगाने भावना दुखावलेल्यांची तक्रार मी क्षुल्लक मानीत नाही. परंतु तिची प्रथम दाद विद्यापीठाच्या चौकशीत लागावी, पोलीस ठाण्यात नव्हे. मात्र संस्थेच्या कारवाईतही सुनावणी आधी हवी: मे २०२५ मध्ये पुण्यातील एका अभियांत्रिकी विद्यार्थिनीला समाजमाध्यमावरील मजकुरावरून महाविद्यालयाने, तिची बाजू न ऐकताच, काढून टाकले. मुंबई उच्च न्यायालयाने तो हुकूम स्थगित केला. उभय पक्षांची जबानी घेतल्यावाचून कोणतेही शासन फर्मावू नये, असा लेखी दंडक कुलगुरूंनी बारामती-इंदापूरसह सर्व संलग्न महाविद्यालयांना विनाविलंब घालून द्यावा.