एका कॉम्प्युटरवर दोन बिऱ्हाडे

कोपरखैरण्याच्या एका ताईंनी विचारले आहे: "मुलगी डिप्लोमाला कॉम्प्युटर शाखेत आहे. मुलगा मराठी टायपिंगची परीक्षा देणार आहे. मुलीला लिनक्स पाहिजे, मुलाला विंडोज. घरात लॅपटॉप एकच, तोही सेकंडहँड, हप्त्याने घेतलेला. दुकानदार म्हणतो, विंडोज काढून टाकावे लागेल, नाहीतर दुसरा लॅपटॉप घ्या. आम्ही काय करावे?"

ताई, दुसरा लॅपटॉप घेऊ नका, आणि विंडोजही काढू नका. सिडकोच्या एका खोलीत मध्ये पार्टिशन टाकून दोन बिऱ्हाडे राहतात, तसेच कॉम्प्युटरच्या डिस्कमध्येही पार्टिशन टाकता येते. शब्दसुद्धा तोच आहे. एका भागात विंडोज, दुसऱ्या भागात लिनक्स. मशीन चालू केले की पडद्यावर यादी येते, त्यातून हवे ते निवडायचे. एका वेळी एकच चालते. दुसऱ्यात जायचे तर मशीन बंद करून पुन्हा चालू करावे लागते. या पद्धतीला ड्युअल बूट म्हणतात.

लिनक्स म्हणजे काय, हे घरातल्या मोठ्या माणसांसाठी थोडक्यात सांगतो. कॉम्प्युटरचे सगळे भाग ज्याच्या हुकमावर चालतात, त्या मूळ प्रोग्रामला ऑपरेटिंग सिस्टम म्हणतात. विंडोज मायक्रोसॉफ्ट कंपनीची आहे आणि तिला पैसे पडतात. लॅपटॉपच्या किमतीतच ते बहुधा धरलेले असतात. लिनक्सचा गाभा १९९१ साली फिनलंडमधल्या लिनस टॉरवाल्ड्स या विद्यार्थ्याने लिहिला. पुढे जगभरच्या लोकांनी त्यात भर घातली. तो फुकट मिळतो आणि कितीही मशीनवर टाकला तरी चोरी होत नाही. आपल्या सरकारी सी-डॅक संस्थेने २००७ साली 'बॉस' नावाचा लिनक्स काढला, त्यात मराठीचीही सोय आहे. याच सी-डॅकचे एक केंद्र आपल्या खारघरला आहे. केरळात सरकारी शाळांतली मुले कित्येक वर्षे लिनक्सवर शिकत आहेत. तेव्हा हे काही फक्त इंजिनिअरांचे काम नव्हे.

आणखी एक कारण आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नेहमीचा फुकट आधार संपला. विंडोज ११ जुन्या मशीनवर नियमाप्रमाणे चढत नाही. त्याला टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय आणि ठराविक नवे प्रोसेसर लागतात. ऑफिसांतून निघालेले जे जुने लॅपटॉप आपल्या घरात येतात, त्यांपैकी बरेच इथेच अडतात. अशा मशीनवर लिनक्स मजेत चालतो. इंटरनेट आणि बँकेची कामे लिनक्समधून करावीत, टायपिंगचा सराव विंडोजमध्ये.

आता काम. पण त्याआधी एक गोष्ट, आणि ती टाळायची नाही. मुलीचे प्रोजेक्ट, दाखले, जातीच्या दाखल्याचे स्कॅन, लग्नाचे फोटो, सगळे पेनड्राइव्हवर किंवा बाहेरच्या हार्ड डिस्कवर उतरवून घ्या, आणि ते दुसऱ्या मशीनवर उघडून पाहा. नुसते कॉपी झाले यावर विसंबू नका. डिस्कचे भाग करताना वीज गेली तर गेलेले परत येईलच असे नाही. त्यासाठी लॅपटॉप चार्जरवर ठेवा आणि बॅटरीही भरलेली असू द्या.

विंडोजमध्ये डिव्हाइस एन्क्रिप्शन किंवा बिटलॉकर चालू आहे का ते सेटिंगमध्ये पाहा. चालू असेल तर त्याची ४८ अंकी रिकव्हरी की वहीत लिहून ठेवा. ती नसेल तर पुढे स्वतःच्याच घराला कुलूप लागेल. 'फास्ट स्टार्टअप' बंद करा, कारण त्यात विंडोज पूर्ण बंद होत नाही, अर्धवट झोपते. मग 'डिस्क मॅनेजमेंट'मध्ये जाऊन सी ड्राइव्हवर 'श्रिंक व्हॉल्यूम' करून चाळीस-पन्नास जीबी जागा मोकळी करा. ती तशीच रिकामी राहू द्या.

चार जीबी रॅमच्या मशीनला लिनक्स मिंटचा 'एक्सएफसीई' हा हलका प्रकार बरा. त्याची फाइल मिंटच्या अधिकृत साइटवरून उतरवून, 'रूफस' नावाच्या फुकट प्रोग्रामने आठ जीबीच्या पेनड्राइव्हवर चढवा. त्या पेनड्राइव्हवरचे आधीचे सगळे पुसले जाते. मशीन चालू करताना एफ १२ (एचपीवर बहुधा एफ ९) दाबून पेनड्राइव्ह निवडा. लिनक्स आधी पेनड्राइव्हवरूनच चालतो, डिस्कला हात लागत नाही. वायफाय, आवाज, कीबोर्ड तपासून घ्या. दोन दिवस असेच वापरले तरी चालेल.

सगळे ठीक असेल तरच 'इन्स्टॉल' दाबा. पुढे 'विंडोजच्या सोबत टाका' असा पर्याय येतो. तोच घ्या. 'डिस्क पुसून टाका' हा पर्याय शेजारीच असतो, आणि घात तिथेच होतो. सोबतचा पर्याय दिसलाच नाही तर तिथेच थांबा, पेनड्राइव्ह काढा आणि जाणकाराला दाखवा. बहुधा बिटलॉकर चालू राहिलेले असते, किंवा पेनड्राइव्ह चुकीच्या पद्धतीने सुरू झालेला असतो. अंदाजाने पुढे जाऊ नये.

दुकानदाराकडून करून घेणार असाल तर त्याला स्पष्ट सांगा, "विंडोज राहिले पाहिजे", आणि पैसे देण्याआधी दोन्ही सिस्टम आपल्यासमोर चालू करून पाहा. विंडोज काढणे त्याला सोपे पडते, म्हणून तो तसे सुचवतो. त्यात तुमचा फायदा काहीच नाही.

मुलाच्या कामाचे: मराठीचा इनस्क्रिप्ट कीबोर्ड दोन्हीकडे सारखाच आहे, त्यामुळे बोटांची सवय मोडत नाही. पण कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमधल्या फाइली तो फॉन्ट नसेल तिथे अगम्य अक्षरे होऊन दिसतात, म्हणून शक्य तेवढे युनिकोडमध्येच टाइप करावे. परीक्षेचा सराव मात्र क्लासमध्ये जो प्रोग्राम आहे त्यावरच, म्हणजे विंडोजवर करावा. लिनक्समधून विंडोजच्या भागातल्या फाइली उघडता येतात; उलटे सहसा होत नाही. म्हणून दोघांनाही लागणाऱ्या फाइली विंडोजच्या बाजूला ठेवाव्यात.

मुलीसाठी: आयआयटी मुंबईच्या 'स्पोकन ट्युटोरियल' या उपक्रमात लिनक्स आणि लिब्रेऑफिसचे धडे मराठी आवाजात फुकट आहेत. कॉलेजच्या प्रॅक्टिकलमधल्या कमांड घरी रोज अर्धा तास चालवल्या तर व्हायव्हाला भीती राहत नाही. एवढ्यासाठी महागडा क्लास लावण्याची गरज मला तरी दिसत नाही.

पुढे कधी विंडोजचे मोठे अपडेट झाल्यावर यादी न येता सरळ विंडोज सुरू होऊ शकते. घाबरू नका. लिनक्स जागेवरच असतो, फक्त क्रम बदललेला असतो. मशीनच्या बायोस सेटिंगमध्ये जाऊन लिनक्स पुन्हा वर घ्यावा लागतो. ऑगस्ट २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या एका सुरक्षा अपडेटमुळे जगभरच्या अशा अनेक दुहेरी मशीनवर लिनक्स सुरूच होईना, त्यावर पूर्ण दुरुस्ती यायला पुढच्या वर्षीचा मे उजाडला. म्हणून लिनक्सचा तो पेनड्राइव्ह पुसू नका, कपाटात ठेवा.

आणि लिनक्स वापरून विंडोजमध्ये आलात की घड्याळ साडेपाच तास मागे दिसेल. बॅटरी गेली असे समजून दुकानात धावू नका. लिनक्स मशीनच्या आतले घड्याळ जागतिक वेळेवर ठेवतो, विंडोज तीच वेळ भारतीय समजते. लिनक्सला स्थानिक वेळ वापरायला सांगणारी एक कमांड आहे. ती मुलीलाच शोधून द्यायला सांगा.