दिव्याखालचे मँगनीज

तुमसरहून मध्य प्रदेशच्या सीमेकडे जाताना चिखला हे गाव लागते. नावात चिखल असला तरी गावाची ओळख आहे ती मँगनीजच्या काळ्या दगडाची. इथली खाण भूमिगत, 'मॉईल' या सरकारी कंपनीची. हा दगड पोलादाच्या भट्टीत जातो, बॅटरीत जातो, हे भंडारा जिल्ह्यातल्या शाळकरी पोरालाही ठाऊक असते. मात्र माणसाच्या शरीरात डोकावण्याच्या कामीही हाच धातू आला, हे फारसे कुणी सांगत नाही. सध्या शरीरात सोडायच्या 'चमकणाऱ्या कणां'च्या ज्या बातम्या वाचायला मिळतात, त्या समजून घ्यायला मला मँगनीजचीच गोष्ट सर्वांत उपयोगी वाटते.

आधी बातमी काय ती पाहू. २०२३ चे रसायनशास्त्राचे नोबेल बावेंडी, ब्रस आणि एकिमोव्ह या तिघांना 'क्वांटम डॉट' नावाच्या अतिसूक्ष्म कणांसाठी मिळाले. एका रंगाचा प्रकाश घ्यायचा आणि दुसऱ्या रंगाचा बाहेर टाकायचा, हा या कणांचा गुण. असे कण रक्तात सोडले आणि ते गाठीवर जाऊन बसले, तर गाठ आपोआप उजळेल, ही कल्पना. पण यांतल्या बऱ्याच कणांत कॅडमियम हा विषारी धातू असतो. म्हणून शास्त्रज्ञ पॉलिमरकडे वळले. पॉलिमर म्हणजे रेणूंची लांब साखळी. प्लॅस्टिकही पॉलिमर आणि आपला कापूसही. त्यांपासून काही दहा नॅनोमीटरचे चमकणारे कण बनवता येतात. मिलिमीटरचे दहा लाख भाग केले, की त्यांतला एक म्हणजे नॅनोमीटर.

मग अडते कुठे? लहानपणी अंधारात बॅटरी तळहाताला लावून आपण सगळ्यांनीच पाहिले आहे. हात लाल दिसतो, कारण निळा-हिरवा प्रकाश रक्त शोषून घेते. तांबड्याच्या पलीकडचा, डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश त्याहून बरा आरपार जातो. पण तोही फार खोल नाही. म्हणून हे तंत्र आज मुख्यतः उंदरांपुरते आहे. टाटा मेमोरियल सेंटरच्या खारघर येथील संशोधन केंद्रातही जिवंत उंदरांतल्या कर्कपेशी प्रकाशाच्या साह्याने पाहण्याचे काम चालते. माणसांत शस्त्रक्रियेच्या टेबलावर वापरले जाते ते इंडोसायनीन ग्रीन हे रंगद्रव्य. अमेरिकेत त्याला १९५९ मध्ये परवानगी मिळाली.

दुसरी अडचण अधिक मूलभूत आहे. बँकेत असताना कर्जाच्या अर्जावर आम्ही पहिला प्रश्न विचारायचो, परतफेड कशातून होणार? इथेही तोच प्रश्न आहे. पाच-सहा नॅनोमीटरपेक्षा मोठा कण मूत्रपिंडातून सहसा गाळला जात नाही. तो यकृतात आणि प्लीहेत साठतो. पॉलिमर विषारी नसेलही, पण आत गेलेला कण बाहेर कधी आणि कोणत्या वाटेने येणार, याचा हिशेब लागल्याशिवाय तो माणसात सोडता येत नाही.

हा हिशेब चुकला की काय होते, ते एमआरआयच्या इतिहासात दिसते. १९७८ मध्ये पॉल लॉटरबर आणि सहकाऱ्यांनी कुत्र्यांना मँगनीजचा क्षार दिला आणि त्यामुळे हृदयाच्या ऊतीतला फरक टिपता येतो हे दाखवले. मँगनीजच्या चुंबकीय गुणामुळे जवळच्या पाण्याचा संदेश बदलतो आणि चित्रात तो भाग उजळतो. लॉटरबर यांना २००३ चे नोबेल मिळाले. प्रत्यक्ष दवाखान्यात मात्र गाडोलिनियम रुळले. २००६ मध्ये त्यातल्या काही औषधांचा संबंध मूत्रपिंडाच्या रुग्णांतील कातडी कडक करणाऱ्या गंभीर विकाराशी जोडला गेला. २०१७ मध्ये युरोपने त्यातली काही औषधे थांबवली. त्यामुळे संशोधकांची नजर पुन्हा मँगनीजकडे वळली. शरीराला ते थोडे लागते आणि पित्तावाटे ते बाहेर टाकण्याची सोयही शरीरात आहे.

पण ती सोय मर्यादित आहे. १८३७ मध्ये ग्लासगोच्या जॉन कूपर यांनी मँगनीज दळणाऱ्या कामगारांत चाल बिघडल्याची नोंद केली. १९५५ मध्ये मोरोक्कोच्या मँगनीज खाणकामगारांबद्दल रॉडिए यांनी तेच लिहिले. चेहरा निर्विकार होतो, बोलणे मंदावते, अक्षर बारीक होत जाते. फार दिवस मँगनीजची धूळ वा धूर घेतलेल्या माणसाचा एमआरआय काढला, तर मेंदूच्या आतला एक भाग उजळलेला दिसतो. डॉक्टर मुद्दाम आणतात तोच हा उजेड, फक्त इथे तो श्वासातून आलेला असतो. कामापासून दूर केल्यावर काही महिन्यांत तो ओसरतो, आजार मात्र ओसरेलच असे नाही.

१९५२ च्या खाण कायद्याखालीच मँगनीजची विषबाधा ही सरकारला कळवण्याच्या रोगांत धरली गेली. म्हणजे धोका आपल्याला ठाऊक नव्हता असे म्हणण्याची सोय नाही. नव्या कणांवर पैसा खर्च व्हावाच, त्यातून उद्याची गाठ लवकर सापडेल. पण भूमिगत खाणीत काम करणाऱ्या माणसाला आज हवे आहे ते साधे आहे. ओले करून ड्रिलिंग, हवेतल्या धुळीचे नियमित मोजमाप, आणि छातीच्या एक्स-रेबरोबर त्याची चाल पाहणारा डॉक्टर. या रोगात माणसाला उलटे, मागे चालणे जड जाते. दहा पावले मागे चालायला सांगायला एक पैसाही लागत नाही. शरीराच्या आत पाहण्याची एवढी हौस असलेल्या आपल्या काळाने आधी ही दहा पावले पाहावीत, एवढेच माझे म्हणणे.